वेतनकरार कसा होतो, आणि साहेब त्यात कुठे दिसतात

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायला हवं. त्यावर बरेच दिवस खडाजंगी झाली. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे प्रमुख एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांपर्यंत पोचले आणि तोच खेळ पुन्हा रंगला. उद्योगपतींच्या मनात कामगाराबद्दल काय असतं, यावर आपल्याकडे चर्चा होते ती अशी, कुणाच्या तरी तोंडून निसटलेल्या वाक्यावर.

मला या वाक्यांचं फार अप्रूप वाटत नाही. ती बहुतेक वेळा लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांना उद्देशून असतात. मशिनपुढे उभ्या असलेल्या माणसाचे तास १९४८ च्या कारखाने अधिनियमाने बांधून दिले: आठवड्याला ४८, आणि मर्यादेपलीकडे काम घेतलं तर दुप्पट दराने ओव्हरटाइम. त्याच्याविषयी कंपनीचं मत काय आहे हे कळायला भाषण ऐकावं लागत नाही. ते दर तीन-चार वर्षांनी कागदावर उतरतं, त्यावर सह्या होतात, शिक्का बसतो आणि एक प्रत सरकारदरबारी जाते. त्या कागदाला वेतनकरार म्हणतात. पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, अंबड या पट्ट्यांत हजारो घरांचं बजेट त्यावर चालतं, पण तो होतो कसा हे कारखान्याबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं.

पुढे जे सांगतो आहे ती पद्धत १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आणि महाराष्ट्राचा १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता देणारा कायदा, या दोन कायद्यांच्या छायेत घडली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४७ चा कायदा गेला. टेबलावर बसणाऱ्यांच्या सवयी मात्र त्याच जुन्या कायद्यांत मुरलेल्या आहेत.

सुरुवात मागणीपत्राने होते. चालू कराराची मुदत समजा ३१ मार्चला संपते. त्या दिवशी करार आपोआप मरत नाही. जुन्या कायद्यानुसार कुणीतरी एकाने तो संपवत असल्याची लेखी नोटीस द्यायची आणि त्यानंतर दोन महिने होईपर्यंत जुन्याच अटी दोघांना बांधून ठेवणार. युनियन नोटीस देते, सोबत तीस-चाळीस कलमांचं मागणीपत्र जोडते. पगारवाढ, घरभाडे भत्ता, मेडिक्लेम, रजा, कँटीनचा मेनू, बसचे थांबे, मयत कामगाराच्या वारसाला नोकरी, दिवाळीची भेट. पहिला आकडा नेहमी फुगवलेला असतो, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं.

कंपनीचा स्वभाव पहिल्यांदा दिसतो तो उत्तराला लागणाऱ्या वेळात. काही ठिकाणी पंधरा दिवसांत बैठक लागते. काही ठिकाणी एचआरचे साहेब ‘मॅनेजमेंटकडे पाठवलंय’ म्हणतात आणि सहा महिने सरतात. हा केवळ आळस नव्हे. दोन हजार कामगारांच्या कारखान्यात माणशी पाच हजारांची वाढ होणार असेल तर कंपनीच्या गल्ल्यात दरमहा एक कोटी रुपये थांबून राहतात. करार मागच्या तारखेपासून लागू झाला तर फरक द्यावा लागतो, पण त्यावर व्याज कुणी देत नाही. आणि सहीच्या तारखेपासून लागू करायचं ठरलं तर मधले महिने कंपनीचेच झाले. म्हणून टेबलावर पगाराच्या आकड्याइतकीच झटापट तारखेवरून होते. कराराची मुदत तीन वर्षांवरून साडेतीन किंवा चार वर्षांवर नेणं हीसुद्धा याच हिशोबातली चाल आहे. मासिक वाढ तीच राहते, वर्षाचा खर्च पातळ होतो.

मागणीपत्राला उत्तर देण्याआधी कंपनीला आणखी एक गोष्ट ठरवायची असते: बोलायचं कुणाशी. माझ्या मते व्यवस्थापनाची खरी परीक्षा इथे होते, पगाराच्या आकड्यावर नव्हे.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात त्यासाठी मोजमाप आहे. पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत ज्या युनियनकडे आधीचे सहा महिने किमान ३० टक्के सभासद असतील, ती औद्योगिक न्यायालयाकडे मान्यतेचा अर्ज करू शकते. मान्यता मिळाली की वाटाघाटीचा अधिकार तिचा. त्याच कायद्याच्या अनुसूचीत मालकाच्या अनुचित प्रथांची यादी आहे आणि ती वाचताना मजा येते, कारण कायदा करणाऱ्यांनी साहेबांना किती बारकाईने ओळखलं होतं ते कळतं. युनियनमध्ये जाणाऱ्याला धमकावणं, युनियनची ताकद खच्ची करण्यासाठी लायकी नसताना पदोन्नती देणं, आकसाने बदली करणं आणि कंपनीने स्वतःच एखादी युनियन उभी करून तिला पैसा पुरवणं, हे सगळं त्यात आहे. कुणी करतच नसतं तर यादीत कशाला आलं असतं?

बोलायचं कुणाशी या एका प्रश्नावर मुंबईचं गिरणगाव उजाड झालं. कापड गिरण्यांना लागू होता तो १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. त्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही प्रातिनिधिक संघटना ठरवली होती. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, ते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे. गिरणीमालकांची भूमिका एकच राहिली: कायद्याने आमचं बोलणं मजदूर संघाशी, सामंतांशी बोलायला आम्ही बांधील नाही. कायद्याच्या अक्षराप्रमाणे ते खरंही होतं. पण ज्याच्यामागे गर्दी आहे त्याच्याशी बोलायचं नाही आणि ज्याच्याशी बोलता येतं त्याच्यामागे माणसं नाहीत, या कोंडीतून वाट निघाली नाही. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. पुष्कळ मालकांना तो मिटायची घाईही नव्हती. जुनी यंत्रं, पडून असलेला माल आणि लालबाग-परळच्या जमिनी यांचा हिशोब त्यांच्यापुढे होता.

सात वर्षांनी पुण्यात तोच प्रश्न उभा राहिला. टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, राजन नायर यांच्यामागे कामगारांची मोठी फळी होती, आणि कंपनीच्या अध्यक्षपदी नुकतेच रतन टाटा आले होते. कंपनीने करार केला तो दुसऱ्या युनियनशी. सप्टेंबर १९८९ मध्ये नायर यांचे समर्थक शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि महिनाअखेरीस पोलिसांनी रात्रीतून त्यांना उचललं. मालक हरले नाहीत, एवढ्यावरूनच व्यवस्थापनाच्या वर्तुळात हा प्रसंग पुढे यशाची गोष्ट म्हणून सांगितला गेला. नवा अध्यक्ष दबला नाही, हा त्याचा मथितार्थ. मला त्यात दुसरीही एक गोष्ट दिसते. कल्याणकारी मालक म्हणून ज्यांचं नाव देशात सर्वांत आधी घेतलं जायचं, त्या घराण्यालाही कामगाराने आपला नेता स्वतः निवडावा हे पचवणं जड गेलं.

टाटांचं ते नाव काही फुकट झालेलं नव्हतं. जमशेटजींनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली आणि १८८६ मध्ये तिथे पेन्शन फंड काढला, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत साप्ताहिक सुट्टीही ठरलेली नव्हती. ती कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये मिळाली. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्येच आठ तासांचा दिवस आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, ती कारखान्याभोवतीचं गाव म्हणूनच. ही मायबाप मालकांची परंपरा आहे आणि तिने लोकांना खरोखर घरं, शाळा, दवाखाने दिले. पण मायबाप देतो. मुलाने मागितलं की त्याला ते उर्मटपणाचं वाटतं. जमशेदपुरात आठ तासांचा दिवस आल्यानंतरही १९२० आणि १९२८ मध्ये मोठे संप झालेच.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलन फॉक्स यांनी १९६६ मध्ये व्यवस्थापकांच्या मनातल्या दोन चित्रांची नीट मांडणी केली. एका चित्रात कारखाना म्हणजे एक संघ: ध्येय एक, कप्तान एक. असं मानणाऱ्याला युनियन म्हणजे बाहेरून आलेली लागण वाटते आणि मतभेद म्हणजे गैरसमज किंवा कुणाची तरी फूस. दुसऱ्या चित्रात कारखान्यात वेगवेगळ्या हितसंबंधांचे लोक एकत्र आलेले असतात, संघर्ष होणारच, म्हणून तो मिटवायची रीत आधीच ठरवून ठेवायची. आपल्याकडचे बहुतेक साहेब टेबलावर दुसरं चित्र वापरतात आणि टाऊनहॉल मीटिंगमध्ये पहिलं. ‘आपण सगळे एक परिवार आहोत’ हे वाक्य करार रखडलेला असताना जास्त ऐकू येतं, हे कुठल्याही युनियनच्या पदाधिकाऱ्याला विचारून पाहावं.

आता आकडा. टेबलावर बसलेला एचआरचा प्रमुख आकडा ठरवत नाही. तो वरून आलेला असतो. कंपनीच्या भाषेत त्याला मँडेट म्हणतात. मुंबईतलं किंवा परदेशातलं मुख्यालय सांगतं की इतक्या हजारांपर्यंत जा, त्यापुढे विचारा. हा आकडा काढताना विक्रीच्या मानाने कामगारखर्च किती टक्के आहे ते पाहिलं जातं आणि परिसरात अलीकडे झालेले करार मांडले जातात. एकाने जास्त वाढ दिली तर शेजारचे साहेब नाराज होतात. औद्योगिक पट्ट्यातला ‘रेट बिघडवणं’ हा त्यांच्यात गंभीर आरोप आहे. कामगारांकडेही तीच यादी असते, कारण करार झाला की वर्तमानपत्रात ‘ऐतिहासिक वेतनकरार’ अशी बातमी सह्या करतानाच्या फोटोसह छापून येते.

त्या बातमीतला आकडा मात्र जपून वाचावा लागतो. समजा, छापून आलं आहे: १२,००० रुपयांची वाढ. ही वाढ सहसा तीन वर्षांत विभागलेली असते, समजा पहिल्या वर्षी निम्मी आणि पुढची दोन वर्षं पाव-पाव. म्हणजे पहिल्या वर्षी ६,०००. आणि हा आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या खर्चाचा. या ६,००० पैकी २,४०० मूळ पगारात गेले तर त्यावर कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा १२ टक्के हिस्सा २८८ रुपये, ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण ११५ रुपये. मेडिक्लेमचा वाढीव हप्ता, बस आणि कँटीन यांचे ७०० धरू. उरले ४,८९७. त्यातून कामगाराच्या स्वतःच्या पीएफचे २८८ कापले जाणार. हातात पडतात साडेचार हजारांच्या थोडेसेच वर. बातमी खोटी नसते, पण बारा हजार आणि साडेचार हजार यांच्यामधली गल्ली कामगाराच्या बायकोला नीट समजावून सांगणं हे युनियनच्या कमिटी मेंबरचं सर्वांत अवघड काम असतं.

वाढ मूळ पगारात टाकायची की भत्त्यांत, या एका प्रश्नात कंपनीची दृष्टी जितकी स्वच्छ दिसते तितकी क्वचितच दुसरीकडे दिसते. मूळ पगारात घातलेल्या प्रत्येक हजारामागे कंपनीला पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे मिळून १६८ रुपये वर लागतात. शिवाय ग्रॅच्युइटी निघते शेवटच्या पगारावर: दर वर्षाच्या नोकरीमागे २६ दिवसांच्या महिन्यातले १५ दिवस. आज वाढवलेला मूळ पगार माणूस वीस वर्षांनी निवृत्त होईल तेव्हा सगळ्या वीस वर्षांचा हिशोब बदलतो. ज्या कंपनीला हा माणूस वीस वर्षं आपल्याकडे असेल असं वाटतं, ती निदान थोडी वाढ मूळ पगारात घालते. जिला तो महिन्याच्या खर्चातली एक ओळ वाटतो, ती सगळी वाढ ‘विशेष भत्ता’, ‘शैक्षणिक भत्ता’, ‘धुलाई भत्ता’ अशा नावांखाली वाटून टाकते. नव्या वेतन संहितेने भत्त्यांवर मर्यादा आणली आहे: वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जाणार. वित्त विभागांची त्यामुळे झोप उडालेली दिसते, ती उगीच नाही.

वाढीच्या बदल्यात कंपनीही मागते. हल्ली मॅनेजमेंटचं स्वतःचं मागणीपत्र असतं आणि ते युनियनच्या मागणीपत्रापेक्षा जास्त अभ्यास करून तयार केलेलं असतं. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचे लोक स्टॉपवॉच घेऊन लाईनवर उभे राहिलेले असतात. एका शिफ्टला ४०० नग निघतात, ते ४६० हवेत. चहाच्या सुट्टीत लाईन थांबू नये, माणसं आळीपाळीने जावीत. वेल्डिंगवाल्याला गरजेनुसार असेंब्लीला हलवता यावं. गैरहजेरीवर इन्सेंटिव्ह कापला जावा. हे सगळं करारात शब्दाशब्दाने लिहिलं जातं.

इथे युनियनला विरोध करायची सोय फारशी नसते, कारण उत्पादकता वाढली नाही तर पैसा कुठून येणार, हा प्रश्न बिनतोड आहे. प्रश्न पुढचा असतो. वाढीव ६० नग कशामुळे येणार, नव्या फिक्स्चरमुळे की माणसाने हात भरभर चालवल्यामुळे? यंत्रामुळे येणार असतील तर कामगाराची त्याला हरकत नसते. उलट अनेक ठिकाणी तोच सुचवतो की ही ट्रॉली अलीकडे आणा, पन्नास पावलं वाचतील. स्टॉपवॉच मनगटाकडे रोखलेलं असेल तर तीन वर्षांनी खांदे आणि कंबर बोलायला लागतात, आणि त्याचा हिशोब पुढच्या करारात मेडिक्लेमच्या कलमाखाली येतो. चांगल्या प्लांट हेडला हे कळतं. तो आकडा मागण्याआधी लाईनवर फिरून आलेला असतो. मुख्यालयातून केवळ एक्सेलची शीट घेऊन आलेल्याला ते कळत नाही आणि कामगारांना पहिल्याच बैठकीत दोघांमधला फरक समजतो.

बोलणी अडली की दबाव सुरू होतो, आणि तोही ठरलेल्या पायऱ्यांनी चढतो. आधी गेट मीटिंग. मग काळ्या फिती. मग कँटीनवर बहिष्कार. हजार माणसांचं जेवण उरलं की ते प्लांट हेडच्या केबिनपर्यंत पोचतं. ओव्हरटाइमला नकार. दरम्यान प्रकरण सहायक कामगार आयुक्तांकडे समेटासाठी गेलेलं असतं. संपावर जायचं तर महाराष्ट्राच्या कायद्यानुसार १४ दिवसांची नोटीस हवी आणि मान्यताप्राप्त युनियनला आधी सभासदांच्या बहुमताचा कौल घ्यावा लागतो. कंपनीच्या हाती टाळेबंदी असते, आणि तिच्याहून सोपं एक हत्यार: उत्पादन दुसऱ्या कारखान्यात हलवण्याची भाषा.

हे सगळं एकत्र पाहायला मिळालं ते २०१३ मध्ये बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात. दिलीप पवारांच्या नेतृत्वाखालच्या विश्व कल्याण कामगार संघटनेने २५ जूनला काम थांबवलं. मागण्या नेहमीच्याच होत्या, फक्त एक वेगळी: प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दराने द्या. तेव्हा बाजारात एका शेअरचा भाव दोन हजारांच्या आसपास होता, म्हणजे ही मागणी माणशी आठ-दहा लाखांची झाली. कंपनीचे प्रमुख राजीव बजाज यांनी ती साफ नाकारली. वाळूज आणि पंतनगरच्या कारखान्यांतून जास्त माल काढण्याची तयारी कंपनीने बोलून दाखवली. ५० दिवसांनी, ऑगस्टच्या मध्यात, कामगार कामावर परतले तेव्हा शेअर त्यांच्या पदरात पडलेले नव्हते.

वाटाघाटीचं तंत्र म्हणून ती मागणी कच्ची होती असं मला वाटतं. संप लांबत गेला की दरमहा पगार बुडतो आणि बंधुकारखाने चालू असले की घाई मालकाला नसते. पण तिच्यामागचा विचार हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वरच्या साहेबांना शेअर देण्याची पद्धत कित्येक कंपन्यांत आहे, आणि त्याचं कारण असं सांगतात की माणसाला मालकीची भावना यावी, त्याने कंपनीचं हित आपलं मानावं. मग हीच भावना लाईनवरच्या माणसात यावी असं त्याने स्वतः म्हटलं, तर त्यात भलतं काय होतं? संख्या आणि दर यांवर घासाघीस करता आली असती. पण बोलणं तिथवर गेलंच नाही. कामगाराला जास्त पगार देता येतो, भागीदार म्हणून टेबलाच्या अलीकडे बसवता येत नाही, ही रेघ त्या पावसाळ्यात स्पष्ट झाली, आणि ती एकट्या बजाजची नव्हे.

जिथे तुटेपर्यंत ताणलं जात नाही, तिथे एक दिवस सहीची वेळ येते. सही कुठे करायची यालाही अर्थ असतो. जुन्या कायद्यात कंपनी आणि युनियन यांनी आपसांत केलेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधायचा. तोच करार समेट अधिकाऱ्यासमोर झाला तर तो कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना लागू: दुसऱ्या युनियनच्या सभासदांना, कुठल्याच युनियनमध्ये नसलेल्यांना, आणि उद्या नोकरीला लागणाऱ्यांनाही. त्यामुळे ज्या कारखान्यात दोन युनियन आहेत तिथे व्यवस्थापन आपल्याला सोयीच्या युनियनला घेऊन कामगार आयुक्तालयात जातं, आणि नाराज गटाला पेढे वाटल्यावरच कळतं की आपणही बांधले गेलो. नव्या संहितेत एकाहून अधिक युनियन असतील तर एकटीने वाटाघाटी करायला ५१ टक्के सभासद हवेत अशी अट आहे. त्याने ही पळवाट अरुंद होईल. पण जिथे तीन युनियनमध्ये कामगार वाटले गेलेत तिथे कुणाचेच ५१ टक्के भरू नयेत यात कुणाला रस असेल, हे सांगायला नको.

सही झाली की गुलाल, डीजे, फटाके, गेटवर फोटो.

करारानंतरचा काळ मला जास्त बोलका वाटतो. संपाच्या दिवसांत पुढे असलेल्यांना आरोपपत्रं दिलेली असतात. निलंबनाच्या काळात पहिले ९० दिवस निम्मा निर्वाह भत्ता मिळतो, त्यापुढे ७५ टक्के. चौकशी अधिकारी बहुधा बाहेरचा वकील असतो आणि त्याची फी कंपनी देते. करार करताना ‘आरोपपत्रं मागे घेऊ’ असं तोंडी सांगितलं जातं, पण लेखी क्वचितच येतं. मानेसरच्या मारुती कारखान्यात ऑगस्ट २०११ मध्ये कामगारांना चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र लिहून दिल्याशिवाय आत घेणार नाही असं सांगितलं गेलं, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. कायदेशीर संपावरून परतणाऱ्याकडून असं हमीपत्र मागणं ही महाराष्ट्राच्या कायद्यातही अनुचित प्रथाच आहे. ‘कायदेशीर’ या शब्दाभोवती मग वर्षानुवर्षं दावे चालतात.

कंपनी निघूनच जाणार असेल तर करार संपल्यात जमा. कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागण्याची अट १९७६ मध्ये आली तेव्हा ती ३०० कामगारांच्या कारखान्यांना होती, १९८२ च्या दुरुस्तीने १०० वर आली आणि आता नव्या संहितेने पुन्हा ३०० वर नेली. जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचं उत्पादन थांबवल्यावर तिथल्या कायम कामगारांची लढाई अनेक वर्षं चालली. लढायला त्यांच्या हातात निदान कायम नोकरीचा कागद होता.

तो कागद आता किती जणांकडे आहे, हा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण करारात तो सापडतच नाही. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांनुसार बारा महिन्यांत २४० दिवस भरले की हंगामी कामगार कायम व्हायला हवा. म्हणून पुण्याच्या पट्ट्यात सात महिन्यांचं नेमणूकपत्र जन्माला आलं: सात महिने काम, मग ब्रेक, मग दुसऱ्या कंपनीत सात महिने. माणसाला वर्षानुवर्षं असं हंगामी ठेवून कायमपणापासून वंचित ठेवणं हीदेखील १९७१ च्याच कायद्यातली अनुचित प्रथा, पण ती सिद्ध करायला तो माणूस त्याच गेटवर टिकलेला तरी हवा. त्यापुढची पायरी ठेकेदाराची. ३० ऑगस्ट २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही. कंत्राट नुसतं नावापुरतं होतं असं सिद्ध केलं तरच होतो. देशातल्या संघटित कारखान्यांत कंत्राटी कामगारांचं प्रमाण या शतकाच्या सुरुवातीला २० टक्क्यांच्या आसपास होतं, आता ते ४० टक्क्यांच्या पुढे गेलं आहे. शिकाऊ उमेदवार आणि निरनिराळ्या प्रशिक्षण योजनांतली मुलं वेगळीच.

एकाच लाईनवर, एकाच नटबोल्टला हात लावणारे दोघं: एकाला करार लागू, दुसऱ्याला ठेकेदाराचं किमान वेतन. साहेबांना विचारलं तर ते ‘मागणीतले चढउतार’ आणि ‘लवचिकता’ असं कारण देतात, आणि वाहन उद्योगात मागणी खरंच वरखाली होते. पण दहा वर्षं रोज चालणाऱ्या लाईनवरचं काम तात्पुरतं कसं, याचं उत्तर त्या कारणात नाही. कायम कामगाराला १२ हजारांची वाढ परवडते ती त्याच्या शेजारी निम्म्याहून कमी पगारात उभ्या असलेल्या मुलामुळे, हे व्यवस्थापनाला माहीत असतं. युनियनलाही माहीत असतं आणि तीही बऱ्याचदा त्या मुलाला सभासद करून घेत नाही. अपवाद आहेत: काही करारांत दर वर्षी ठरावीक संख्येने हंगामी कामगारांना कायम करण्याचं कलम असतं, आणि ते कलम टाकून घेण्यासाठी स्वतःच्या वाढीतले हजार-पाचशे सोडणाऱ्या युनियनही आहेत. वेतनकरार हातात आला तर पगाराचा तक्ता बाजूला ठेवून मी आधी ते कलम शोधतो. बहुतेक करारांत कंत्राटी कामगारांचा उल्लेख एकदाच येतो, कँटीनच्या कुपनाचा दर ठरवताना.